पोपटी भिंतीवरच्या पांढऱ्या चादरी

गेल्या वर्षी याच ब्लॉगवर सुलभावैनींच्या होमस्टेबद्दल लिहिताना मी शहाणपणा पाजळला होता: "जागा सुंदर, पण समुद्राकडची ती पांढरी भिंत फोटोत अगदीच कळाहीन दिसते. रंग द्या!" वैनींनी ते मनावर घेतलं. यंदा फोनवर म्हणाल्या, "ताई, भिंत पोपटी केली हां. बघूक येवा." एवढं आमंत्रण आल्यावर कोण घरी बसेल? दिवाळीआधी चार दिवसांची रजा टाकली आणि कोल्हापूरहून एकटीच निघाले.

गगनबावड्याचा घाट उतरायचा, नांदगावला महामार्ग सोडून देवगडकडे वळायचं. देवगडच्या पुढे अर्ध्या तासावर, एका छोट्या खाडीच्या तोंडाशी, टेकडीवर हे घर. रस्ता ठीक, शेवटचा चढ सोडून. खोली दीड हजार, सकाळचे घावणे त्यातच. बांगड्याचं तिखलं वेगळं, आणि ते चुकवलंत तर तुमचं नशीब. भिंत खरोखरच पोपटी होती. मी तिच्यासमोर उभी राहून सात फोटो काढले.

दुसऱ्या दिवशी वारा फिरला. वैनींचे यजमान बाबी स्वतःच्या बोटीचे तांडेल, म्हणजे कप्तान. चार खलाशांना घेऊन आदल्या दिवशी मासेमारीला गेले होते आणि वादळाचा इशारा मिळताच मागे फिरले होते. दुपारी चारला ते खाडीबाहेर पोचले, तेव्हा पावसात दूरचं सगळं पुसट, एकाच रंगाचं दिसत होतं. वैनींचा फोन वाजला.

"सुलभा, भिंत खंय आसा? माका भिंत दिसणा नाय!"

मला काही उमगेना, तेव्हा वैनींनीच सांगितलं. खाडीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना पाण्याखाली खडक आहेत. खालच्या देवळाचा कळस आणि वरची आमची भिंत एका रेषेत आली, की बोट बरोबर मधल्या वाटेवर असते. सासऱ्यांपासून सगळे याच खुणेवर आत येतात. चांगल्या हवेत खुणेची गरजच पडत नाही, म्हणून रंग देताना कुणाच्या डोक्यात आलं नाही. आता पावसात पोपटी भिंत झाडीत मिसळून गेली होती आणि वारा बोटीला खडकांकडे ढकलत होता.

"जीपीएस नाही का?"

"आसा ताई. पण खडप दहा हातांवर असताना त्येच्यावर कोण इश्वास ठेवतलो?"

मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. पाच माणसं तिथे, आणि कारण काय, तर माझे फोटो! मग एकदम सुचलं. होमस्टेत पांढरं काय असतं? चादरी!

कपाट रिकामं करून आम्ही दोघी गच्चीवर धावलो. कठड्यावरून चादरी खाली सोडल्या, वर चिरे ठेवले. पण ओली चादर भिंतीला चिकटली, की आतून पोपटी रंग दिसायचा! पुन्हा ओढल्या, चार-चार पदरी करून सोडल्या. दोन वाऱ्याने नेल्या. शेवटी चिरे सरकायला लागले, तशी मी कठड्यावर आडवी पडले आणि चादर मुठीत धरून राहिले.

"सोडू नको गो!" वैनी ओरडल्या. एका दुपारीत मी 'ताई'वरून 'गो'वर आले.

चालूच असलेल्या फोनमधून बाबींचा आवाज आला, "दिसली! कळसावर इली! येतंव आमी!"

आणि ती बोट आली. दोन्हीकडे फेसाळणारे खडक, मधून ती, जराही न चाचरता. तिच्यामागून आणखी दोन बोटी त्याच खुणेवर आत शिरल्या. काय ते सुकाणू धरणं! वैनी रडत होत्या, पण मान ताठ होती.

बाबी वर आले ते निथळतच. "भिंत रंगवूक कोणी सांगल्यान?"

"माकाच हौस इली," वैनी म्हणाल्या.

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले.

"आणि चादरी?"

"त्यापण तिनाच."

"मगे बरोबर झाला," बाबी म्हणाले आणि चहा मागितला.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं. देवगडहून पांढरा रंग आणला. मदतीला आलेल्या खलाशांना वैनींनी हाकललं. "धवी होवक व्हयी, एकदम धवी," म्हणजे पांढरीशुभ्र, असं म्हणत आम्ही दोघींनीच तीन हात मारले. मी आजवर पुष्कळ किल्ले चढले, पण इतका अभिमान मला कशाचाच वाटलेला नाही.

घरी येऊन आठ दिवस दंड दुखत होते. गेल्या वर्षीची ती ओळ मी खोडलेली नाही. खाली फक्त लिहिलंय, 'मी चुकले.' काल बाबींचा फोन आला.

"ताई, आज वारो बरो होतो, खूण बघूची गरज नाय होती."

"मग?"

"तरी बघलंय. धवी दिसता."