बाबांच्या पत्रातला 'इन'

रेल्वेच्या कारखान्यातून निवृत्त झाले त्या दिवशी बाबा हार, नारळ आणि एक पाकीट घेऊन घरी आले. पाकिटात काय आहे विचारलं तर म्हणाले, "काही नाही, कागद आहेत," आणि ते कपाटात ठेवून कुलूप लावलं.

पुढचे आठ दिवस ते कुणाशी धड बोलले नाहीत. रविवारी सोबतच्या लोकांनी त्यांच्यासाठी जेवण ठेवलं होतं. शुक्रवारी त्यांच्यातले एक जण आठवण करून द्यायला आले. "भाईसाहब, आपको दो शब्द बोलने हैं।"

"तबियत ठीक नहीं है, नहीं आ पाऊँगा," बाबा म्हणाले. तब्येतीला काहीच झालं नव्हतं.

मी जवळच्याच चिरगाँवच्या शाळेत इंग्रजी शिकवते. त्या दिवशी बसमधून उतरून घरी पोचले तर आई दारातच म्हणाली, "तू विचार. मला सांगत नाहीत."

मी बाबांजवळ जाऊन बसले. ते उठले, कपाट उघडलं आणि त्या पाकिटातलं पत्र माझ्या हातात दिलं. "वाच. तुझ्यापासूनच लपवत होतो."

कारखान्याच्या साहेबांनी इंग्रजीत अर्धं पान लिहिलं होतं. एका शब्दाखाली बाबांनी पेन्सिलीने रेघ ओढली होती. या माणसाची सेवा 'इनव्हॅल्युएबल' होती, असं ते वाक्य होतं.

"व्हॅल्यू म्हणजे किंमत," बाबा म्हणाले. "आधी 'इन' लागला की अर्थ होतो 'नाही'. इनकम्प्लीट म्हणजे अपुरं, इनकरेक्ट म्हणजे चूक. जन्मभर कारखान्यात हेच वाचलं. पस्तीस वर्षं वॅगनी दुरुस्त केल्या, आणि साहेबांनी जाता जाता लिहिलं की कामाला किंमत नाही."

मला हसू येणार होतं, पण त्यांचा चेहरा पाहून ते तिथेच विरलं. हा माणूस आठ दिवस हे एकटाच गिळत बसला होता.

"बाबा, 'इन' म्हणजे नाही, हे बरोबर. पण किंमत नाही असं नाही म्हटलंय. किंमत करता येत नाही, इतकं मोठं काम, असं म्हटलंय."

"मला बरं वाटावं म्हणून सांगू नकोस."

"मग मराठीत बघा. अपूर्णमधला अ म्हणजे नाही. अयोग्यमधलाही तोच. आता अमूल्य म्हणजे काय?"

ते काही बोलायच्या आत स्वयंपाकघरातून आई ओरडली, "अहो, अमूल्य म्हणजे अमूल्य!"

बाबांनी पत्र परत घेतलं आणि त्या ओळीवरून बोट फिरवत ती दोनदा वाचली. खांदे सैल पडलेले मला दिसले. पण कारखान्यातला माणूस, ठोकून बघितल्याशिवाय सोडणार कसा? "मग तेलाच्या वॅगनवर इन्फ्लेमेबल लिहितात, ते? तिला तर आग लागते!"

इतकी वर्षं इंग्रजी शिकवते, पण हे कधी मनात आलं नव्हतं. फोनवर शोधलं. लॅटिनमध्ये 'इन' दोन आहेत, दिसायला अगदी सारखे. एक म्हणजे नाही, दुसरा म्हणजे आत. वॅगनवरचा तो दुसरा, ज्वाळा आत शिरते, पेट घेते, असा. लोकांची गफलत व्हायला लागली म्हणून आता बऱ्याच ठिकाणी नुसतं फ्लेमेबल लिहितात.

"म्हणजे मी एकटाच नाही," बाबा म्हणाले, आणि आठ दिवसांत पहिल्यांदा त्यांनी चहा मागितला.

रविवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून, पत्र खिशात ठेवून आम्हा दोघींसोबत जेवणाला गेले आणि सगळ्यांसमोर हिंदीत हीच हकिकत सांगितली. लोक पोट धरून हसले. साहेब मात्र उठून जवळ आले. "मुझसे पूछ लिया होता।"

"हिम्मत नहीं हुई, साहब।"

साहेबांनी त्यांचा हात बराच वेळ धरून ठेवला.

येताना बाबांनी बाजारातल्या मानिक चौकात रिक्षा थांबवली आणि पत्र फ्रेम करायला टाकलं. दुकानदाराने सात-आठ नमुने काढले, बाबा प्रत्येक नमुना उजेडात धरून बघत राहिले. एरवी बाजारात घाई करणारी आई रिक्षात निवांत बसून होती.