पंडुमपूर्वीची कैरी

९ एप्रिल २०२२, शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. त्या वेळी आम्ही दोघे डोंगर चढू लागलो. पुढे तो, मागे मी.

तो म्हणजे माझा यजमान. गडचिरोली जिल्ह्यात, दोन डोंगरांमधल्या खोऱ्यात, चाळीसेक घरांचे माडिया आदिवासींचे गाव आहे. तिथे त्याची धानाची शेती. चार वर्षांपासून तो डोंगरात चालायला येणाऱ्यांना घरी उतरवून घेतो, सकाळी माथ्यावर नेतो, संध्याकाळी गाव दाखवतो. मी मूल गावचा. पाटबंधारे खात्यात मोजणीचे काम केले. निवृत्तीनंतरही चालणे सोडले नाही. त्या वर्षी मी बहात्तर वर्षांचा होतो आणि त्याच्याकडे तिसऱ्यांदा गेलो होतो. एकटाच. सोबत्यांसाठी थांबत चालणे मला जमत नाही.

आदल्या संध्याकाळी त्याने मला एक नियम सांगितला होता. रविवारी गावात आंब्याचा पंडुम होता. नवे फळ आधी देवाला द्यायचे, मग माणसांनी खायचे, असा हा सण. तोवर गावातला कोणीही आंबा तोंडाला लावत नाही, कच्चाही नाही. पहिल्या आंब्यांची टोपली देवाकडे नेण्याचा मान दर वर्षी पुढच्या घराकडे जातो. यंदा तो त्याच्या घराकडे आला होता. यापूर्वी ती टोपली त्याच्या वडिलांनी नेली होती, तेव्हा तो त्यांच्या कमरेएवढा होता.

"चाळीस घरं हायेत जी," तो म्हणाला होता. "यंदाची पाळी चुकली, तं माह्या हयातीत नाई येत मंग."

मी आंब्याच्या झाडाला हात लावणार नाही, असे त्याला सांगितले. सांगितलेले मी पाळतो.

चढ दोन तासांचा होता. मोहफुले वेचून संपत आली होती आणि फुले दिसावीत म्हणून झाडांखाली जाळलेली जमीन काळी दिसत होती. सालईची झाडे निष्पर्ण उभी होती. वर सपाट खडक आहे. तेथून सगळे खोरे दिसते: नदीचे वाळूचे पात्र, कापणी होऊन गेलेल्या धानाच्या बांध्या, घरांवरची कौले. असे खोरे पाहिले की पाणी कोणत्या बाजूने येईल आणि कुठे साचेल हे मला न मोजता कळते. त्यात चूक होत नाही.

नऊ वाजता घरून आणलेला डबा सोडला. पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी. अर्धे त्याला दिले. दुसऱ्या घासाला तो थांबला.

"भाऊ, ह्याच्यात काय टाकलं जी?"

"शेंगदाणे, तिखट, लसूण."

"आंबट लागून राह्यलं."

मी चाखून पाहिले. कैरी होती. मूलच्या बाजारात कैरी आली होती, आणि घरी पत्नीने चिंचेऐवजी तीच चटणीत वाटली होती. मी झाडांवर लक्ष ठेवले होते, डब्यावर नाही.

त्याने घास थुंकला, चूळ भरली आणि खडकावर बसला. पहिला घास मात्र पोटात गेला होता.

"कोनी पाह्यलं नाई," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "तुमी सांगान का कोनाले?"

"टोपली तुझी आहे, तू ठरव. पण कोणी विचारले तर मी खोटे बोलणार नाही."

"कोन विचारते तुमाले? मूलहून चटनी कायची आनली मनून?"

ते खरे होते. कोणीही विचारले नसते. आम्ही उतरू लागलो. अर्ध्या उतारावर तो ओढ्यापाशी थांबला.

"उद्या देवापुढं उभा राह्यलो, अन् तेच आठवलं तं?"

"तर आज सांग. मी बरोबर येतो."

गावात चिंचेखाली सात-आठ म्हातारे उद्याच्या मांडवासाठी बांबू तासत बसले होते. त्यांत पेरमा होता. गावच्या देवाचे सगळे काम त्याच्याकडे असते. यजमानाने उभ्या उभ्या माडिया भाषेत सांगून टाकले. मला त्यातला 'मूल' एवढाच शब्द समजला. पुढचे बोलणे माझ्यासाठी मराठीत झाले.

"आंबा मूलचा व्हता," एक म्हातारा म्हणाला. "मूलच्या आंब्यासाठी आपला देव काऊन रागावंल?"

"आंबा मूलचा, पन तोंड तं इथलं हाय ना!"

"मंग तोंड मूलले पाठवा."

सगळे हसले. यजमान हसला नाही.

"पाळी पुढच्या घराले द्या," कडेला बसलेला एक जण म्हणाला. "वाद कायले करता?"

"पुढचं घर तुहंच हाय, म्हनून बोलून राह्यला तू!"

पुन्हा हसणे झाले. पेरमा मात्र माझ्याकडे पाहत होता.

"भाऊ, तुमाले नियम ठाऊक व्हता का?"

"होता. डब्यात काय आहे ते ठाऊक नव्हते. पण ते पाहणे माझे काम होते."

त्याने मान हलवली. मग बांबू बाजूला ठेवून निर्णय सांगितला. खोट बाहेरून आली आहे, तेव्हा ती फेडण्याचा कोंबडाही गावाबाहेरून यावा. कोंबडा लाल असावा, अंगावर एकही पांढरे पीस नसावे. ज्याने खोट आणली त्यानेच तो आणावा, एकट्याने, पायी, सूर्य डोंगराआड जाण्यापूर्वी. आला तर टोपली याची. नाही आला तर पुढच्या घराची.

"इतक्या उनात, ह्या वयाच्या मानसाले..." यजमानाने सुरुवात केली.

"मी जातो," मी म्हणालो.

बारा वाजून वीस मिनिटे झाली होती. पुढचे गाव खिंडीपलीकडे, सहा किलोमीटर. जायला दोन तास, शोधायला पाऊण, यायला दोन. सूर्य साडेपाचच्या सुमारास डोंगराआड जातो. वेळ पुरेसा होता. डोक्याला पंचा गुंडाळला, पाण्याच्या दोन बाटल्या घेतल्या आणि निघालो.

पलीकडच्या गावात पहिल्या घरी पांढऱ्या कोंबड्यांखेरीज काही नव्हते. दुसऱ्या घरचा लाल होता, पण शेपटीत एक पांढरे पीस होते.

"उपटून टाकतो जी," मालक म्हणाला. "देवाले काय समजते?"

मी पुढे गेलो. तिसऱ्या घरी एक वृद्ध बाई अंगणात मोहफुले वाळवत होती. तिचा कोंबडा पूर्ण लाल होता.

"हा नाई द्याचा. पहाटे मले हाच उठवते."

मी तिला चटणीपासून सगळे सांगितले. ती कंबरेवर हात ठेवून ऐकत राहिली.

"पंडुमचं काम हाय, अन् हे इतकं उशिरा सांगून राह्यले!" तिने स्वतःच कोंबडा धरला, पाय बांधले. "कोंबडा धरता येते का तुमाले, भाऊ?"

"येईल."

"येईल मनजे येत नाई." तिने माझा हात धरून कोंबडा बगलेत कसा घ्यायचा ते दाखवले. "असा. लेकरू धरल्यावानी. अन् डोळे झाका त्याचे, मंग चूप राह्यते."

तीन वाजता परत निघालो. पंचा कोंबड्याच्या डोक्यावर घातला, त्यामुळे माझे उघडे राहिले. खिंडीच्या चढावर उजवा गुडघा धरला. एकदाच बसलो, दहा मिनिटे. त्या दहा मिनिटांत, डोंगराची सावली कुठवर आली असेल, याखेरीज मी कशाचाही विचार केला नाही.

गावात पोचलो तेव्हा पाच वाजून पंधरा मिनिटे झाली होती. सावली बांध्या ओलांडून पहिल्या घराच्या कुडाला लागली होती. यजमान तिथे उभा होता. मी बगलेतला कोंबडा दाखवला, त्याने पाहिले आणि माझ्याबरोबर चालू लागला.

पेरमाने कोंबडा उलटसुलट पाहिला, पंख पसरून खालची पिसे तपासली, मानेची पिसे फुंकून पाहिली. त्याला घाई नव्हती.

"हाय," तो शेवटी म्हणाला. "टोपली ह्याचीच."

पुढच्या घरचा तो शेजारी कपाळाला हात लावून म्हणाला, "म्हातारा चालते जी, आपलं नशीब!" त्यावर यजमानही हसला. सकाळच्या डब्यानंतर प्रथमच. मग माझ्यासाठी पाणी आणायला धावला. तांब्या माझ्या हाती देताना तो काही बोलू पाहत होता. मी बोलू दिले नाही; तहान लागली होती.

कोंबडा सकाळी देवापुढे जायचा होता आणि तोवर त्याची राखण माझ्याकडेच होती. मी त्याच्या पायाचा दोर सैल केला, ओसरीच्या खांबाला बांधला, वाटीत पाणी आणि मूठभर कण्या ठेवल्या, वरून डालगे उपडे घातले आणि त्यावर दगड ठेवला.