बाबांनी सोडलेली धार

माझा बाप वेडा होता, असं आजही कुणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. वेडे तुम्ही! जयराम आमदाराची लेक आहे मी, तोंड सांभाळून बोला.

बाबा अर्नाळ्याचे कोळी. शेचाळीस साली निवडून आले तेव्हा अख्खा कोळीवाडा नाचला होता. आय त्यांचा खादीचा सदरा बोंबील सुकवायच्या वलांडीवरच वाळत घालायची. "असेंब्लीत लोक नाक धरतात गो," बाबा कुरकुरायचे. "धरू दे की! अर्नाळ्याचा आमदार आला ते कलेल तरी," आय म्हणायची. काय हसायचो आम्ही! ते दिवस आठवले की अजून जीव तुटतो.

दारूबंदीचा कायदा असेंब्लीत आला तेव्हा बाबांनी त्याच्या बाजूने हात वर केला. पक्षाने सांगितलं म्हणून नव्हे हो. त्यांचा धाकटा भाऊ, आमचा नथूकाका, पिऊन होडीवर चढला आणि दर्याने तो परत दिलाच नाही. गाव बाबांवर रुसलं. "रुसू दे, एखादं घर तरी वाचंल," म्हणायचे.

पुढे एक्कावन्नला माझं लग्न निघालं. बायजाआजी आमची धवलारीण. तिने धवले गायल्याशिवाय आमच्यात लग्न लागत नाही, आणि धवले सुरू व्हायच्या आधी गेलेल्या माणसांच्या नावाने दारूची धार सोडायची, असा रिवाज. बाबांनी शहाळ्याचं पाणी पुढे केलं. म्हातारी भडकली.

"मेलेल्यांना फसवतोस व्हय रं जयराम? मी त्वांड उघडनार नाय!"

नवऱ्याचे चुलते उठून उभे राहिले. "धवला नाय तर वऱ्हाड माघारी." मी हळदीच्या अंगाने पाटावर बसलेली. आय डोळ्याला पदर लावून रडायला लागली.

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "बाटली आना कुनीतरी." आणि काय सांगू, क्षणात तीन घरांतून बाटल्या आल्या! सगळ्या गावात होती मेली, फक्त आमच्या घरात नव्हती. बाबांनी आपल्या हाताने धार सोडली. "नथू, घे रं," एवढंच बोलले. बायजाआजीने गळा मोकळा केला आणि माझं लग्न लागलं.

वरात निघाली तसे बाबा थेट पोलीस चौकीत गेले. दारूची धार सोडल्याचं सांगितलं तसा जमादार खुर्चीवरून ताडकन उठला. "साहेब, घरचं कार्य, कोण बघतंय?"

"मी बघितला ना. कायद्याला हात मीच वर केलता. लिवून घ्या."

खटला झाला, पेपरात आलं. बावन्नला पक्षाने तिकीट दिलं नाही. बाबांनी आणलेला दवाखाना, होड्यांचा धक्का, सगळं लोक विसरले. लक्षात राहिली ती बाटली.

नारळी पुनवेला मी माहेरी आले, तर बाबा ओट्यावर जाळं विणत बसलेले. अंगात जुनी बंडी. मला रडूच कोसळलं. "बाबा, माझ्यापायी तुमची आमदारकी गेली."

"येडी का तू? आमदार मी सगल्यांचा व्हतो. बापूस तुझ्या एकलीचा."

आणि जाळ्याचं दुसरं टोक माझ्या हातात देऊन म्हणाले, "धर नीट."