बोर्डावरची डाळ

बाबा वाशीच्या एपीएमसी मार्केटात माथाडी. दिवसभर धान्याची पोती पाठीवरून वाहायची आणि संध्याकाळी घरी यायचं. शर्टाच्या खिशात तंबाखूच्या पुडीशेजारी एखादं घडी घातलेलं पत्रक असायचंच. कधी मोर्चाचं, कधी मागण्यांचं, कधी नुसतंच निषेधाचं. मी वाचायला शिकले ती त्या पत्रकांवर. पुढे बाबांची पत्रकं मीच लिहू लागले, आणि शेजारपाजारचे लोक मान्य करतील की बरी लिहायचे.

त्यामुळे तूरडाळ महाग झाली तेव्हा आमच्या घरात काय लिहिलं गेलं असेल हे सांगायला नको. दर बांधा, साठेबाजांना आत टाका, गरिबाच्या ताटातलं वरण वाचवा. यातला शेवटचा मुद्दा आमच्यासाठी घोषणेपुरता नव्हता. आई डबे करते. आम्ही उलव्यात राहतो. इथे नव्या विमानतळावर काम करणारी पोरं एकेका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण मिळून राहतात. कुणी साताऱ्याकडचा, कुणी विदर्भातला. पोळ्या दोन कमी पडल्या तर चालतं, भाजी रोज बटाट्याची असली तरी चालतं, पण भातावर घट्ट वरण लागतं. त्या वरणावर आईचा डबा चालायचा आणि त्या डब्यावर आमच्या घराचा निम्मा खर्च.

मग सरकारने खरोखरच दर बांधला. बाबांनी पेढे आणले. आम्ही दोघांनी रातोरात नवं पत्रक काढलं: डाळीचा ठरलेला भाव ठळक अक्षरात, आणि खाली, जादा भाव मागितल्यास या नंबरावर कळवा. नंबर बाबांचा. आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर किराणा दुकान आहे, तिथल्या भिंतीवर बाबांनी ते स्वतः डकवलं. दुकानदाराने खळ लावलेला ब्रश धरायला मदतही केली. काय बोलणार बिचारा.

सुरुवातीला रांग लागली आणि होती ती डाळ संपली. त्यानंतर दुकानात सरकारी बोर्ड होता, बोर्डावर भाव होता, आमचं पत्रक होतं. डाळ नव्हती.

"शेठ, कधी येणार?" आई रोज विचारायची.

"काय सांगू ताई, मागून मालच नाय."

आईने शिल्लक डाळीत पाणी वाढवलं. पोरांच्या ते लगेच ध्यानात आलं. त्यातला एक नागपूरकडचा मोठा थट्टेखोर होता. डबा परत देताना म्हणाला, "मावशी, विमानतळावरनं सर्चलाइट आणू का? डाळ दिसत नाही ना आतमध्ये."

"आण बाबा," आई म्हणाली, "आधी दुकानात मार."

मग तिने मसूर वापरून पाहिली. मग मुगाची. त्यांनाही मागणी वाढल्याने त्याही मिळेनाशा झाल्या. एका फ्लॅटने डबा सोडला, मग दुसऱ्याने. पोरं वाईट नव्हती, फोन करून सांगत होती, मावशी रागवू नका. पण पोटाला भिडस्तपणा परवडत नाही.

मला सगळ्यात चीड आणणारी गोष्ट मात्र जिन्यात होती. संध्याकाळी वर चढताना दर मजल्यावर कुकरच्या शिट्ट्या आणि लसणाच्या फोडणीचा वास. एकदा आई तिसऱ्या मजल्यावर थांबली, नाक वर केलं आणि म्हणाली, "ही तुरीचीच आमटी हाय. ह्यांच्याकडं कुठनं आली?"

उत्तर मालकीणकाकींनी दिलं. काकी इथल्याच, खाडीकाठच्या गावातल्या. त्यांची भातशेती प्रकल्पात गेली, बदल्यात भूखंड मिळाला, त्यावर ही इमारत उभी राहिली. त्या पहिल्या मजल्यावर राहतात आणि खालचा किराणावाला त्यांचाच भाडेकरू.

"डाल सगल्यांना भेटते गो," काकी म्हणाल्या. "मागच्या दारानं. भाव जास्त हाय, पन भेटते. तुमाला कोन देल? तुज्या मानसाचा नंबर त्याचे भितीवर हाय!" आणि त्या मोठ्याने हसल्या. आईला हसू आलं नाही.

मी तडक खाली गेले. आईही मागून आली. मी साठेबाजीपासून सुरुवात केली. दुकानदाराने मला पुरतं बोलू दिलं आणि मग म्हणाला, "मॅडम, मला मागून जी पडते ती बोर्डाच्या भावापेक्षा महाग पडते. बोर्डाच्या भावाने विकली तर घरचे घालायचे. जास्तीने विकली तर केस. मग काय करायचं? ज्याच्यावर भरोसा, त्यालाच द्यायची. गुपचूप."

"आमच्यावर नाही भरोसा?"

"तुमच्यावर?" त्याने भिंतीकडे पाहिलं. "तुमी तर छापून दिलंय."

आई पुढे झाली. "शेठ, तुमी म्हणाल ते पैसे देते. कुणाला बोलणार न्हाय."

"ताई, तुमच्याबद्दल काय नाय. पण घरी साहेबांनी विचारलं, केवढ्याला आणली, तर खोटं बोलाल?"

आई पिशवीची घडी करून वर निघून आली. तिला खोटं बोलता येत नाही. त्या दुकानदाराला हे माहीत होतं.

आजही हे आठवलं की माझं डोकं फिरतं. डाळ महाग असताना तिला पैसे लागत होते. आई कशीबशी ते उभे करत होती, डब्याचे थोडे वाढवत होती, पोरं कुरकुरत देत होती. दर बांधल्यावर डाळीला ओळख लागू लागली. कोण कुणाच्या इमारतीत राहतो, कोण तोंड बंद ठेवतो, कोण कुणाचा मालक, यावर कुणाच्या कुकरला शिट्टी होणार ते ठरायला लागलं. आणि ज्या घराने कायदा पाळा म्हणून सांगितलं, तेवढं एकच घर त्या कायद्यामुळे डाळीवाचून राहिलं. सरकारने एक आकडा लिहिला आणि हात झटकले. शेतकऱ्याकडून डाळ विकत घेऊन ती रेशनवर आणून ठेवायला कुणी सांगितलं असतं, तर त्याला गोदाम लागलं असतं, पैसे लागले असते, माणसं लागली असती. बोर्डाला खडू पुरतो.

शेवटी मार्ग काकींनीच काढला. दुकानदार त्यांना डाळ द्यायला तयार होता, आईच्या डब्यांसाठीसुद्धा. अट एकच होती. ती डाळ आमच्या घरात जाणार नाही.

"माज्या वट्यावर शिजव," काकी म्हणाल्या. "मना काय, गॅस हाय, जागा हाय."

आणि आई आपला मोठा कुकर उचलून पहाटे खाली जाऊ लागली. पोळ्या आमच्या घरी, वरण काकींच्या घरी. डबे भरायचे तर दोन्ही एका जागी हवेत, म्हणून हळूहळू पोळ्याही खाली गेल्या. पोरं डबा न्यायला काकींच्या दारात येऊ लागली. गॅस काकींचा, डाळ काकींच्या शब्दावर, मग पैसेही काकींकडेच जमायला लागले आणि त्यातला वाटा त्या आईला द्यायच्या. व्यवस्थित द्यायच्या, कधी मागावा लागला नाही. पण डब्याला पोरं 'काकींचा डबा' म्हणू लागली. आई स्वतःच्याच धंद्यात कामाला राहिली होती.

बाबांना हे सहन होत नव्हतं. "दुसरं पत्रक काढ," ते मला म्हणाले. "धाडी घाला म्हणावं. दुकानात न्हाय, गोदामात घाला."

"धाड घालून डाळ पिकते का?"

"ही व्यापाऱ्याची भाषा झाली."

"मग तुमच्या भाषेत सांगा. तुमच्या टोळीने तुरीचं पोतं शेवटचं कधी उचललं?"

बाबांनी ताट सरकवलं. मार्केटात तुरीच्या गाड्या येणं जवळपास थांबलं होतं. जिथे भाव बांधलेला नाही तिथे माल परस्पर निघून जात होता, आणि पोत्यामागे मजुरी मिळणारी बाबांची टोळी दुपारीच मोकळी बसत होती. हे मला त्यांनीच सांगितलं होतं.

"म्हणून काय त्यांना मोकळं सोडायचं?" ते म्हणाले. "लुटू द्यायचं?"

नाही, बाबा. मी तेव्हाही नाही म्हणाले, आजही नाही म्हणते. उपाशी माणसाच्या गरजेवर पैसा करणाऱ्याबद्दल माझ्या मनात काडीची माया नाही. पण भाव खाली लिहिल्याने डाळ वर येत नाही, हे आपल्या बाजूच्या माणसाने बोलायचं नाही तर कुणी? मी पत्रक लिहिलं नाही. घरात पहिल्यांदाच मी नकार दिला होता. बाबा बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

पुढे गाजावाजा न करता दर उठवला गेला. डाळ दुकानात आली, पूर्वीपेक्षा महाग, पण उघड्यावर, समोर, कुणालाही. आईने त्याच दिवशी कुकर वर आणला. काकी म्हणाल्या, "जा गो, तुजा हाय ता तुजा." आईने जुन्या सगळ्या पोरांना फोन केले. काही आली. काहींची दुसरीकडे सवय झाली होती. नागपूरकडचा तो परत आला नाही, त्याने तोवर काम सोडलं होतं.

डबे पुन्हा उभे राहत होते, तेवढ्यात एका संध्याकाळी बाबा टीव्हीसमोरून ओरडले, "ऐकलं का? तांदळाचा दर बांधणार!" खूप दिवसांनी त्यांचा आवाज असा उजळला होता. "लवकरच हुकूम निघणार म्हणतायत."

आई पोळपाटावरून उठली. हात धुतले, पदर खोचला, चपला घातल्या.

"कुठं निघालीस?"

ती खाली गेली. परत आली ती दुकानातला हमाल घेऊन. त्याने तांदळाचं एक पोतं स्वयंपाकघरात ठेवलं, मग दुसरं. तिसऱ्याला जागा नव्हती, म्हणून ते बाबांच्या खाटेखाली सारलं.

"अगं, ही साठेबाजी हाय," बाबा म्हणाले. चिडून नव्हे. त्यांचा खरंच विश्वास बसत नव्हता.

"व्हय," आई म्हणाली. "पाय वर घ्या, पोतं आत जाऊ दे."

बाबा माझ्याकडे बघत राहिले. मी वाकले आणि पोत्याला दुसऱ्या बाजूने हात लावला.