बिरप्पाची जागा

कुंभारीच्या कामगार वसाहतीत चनमल्लप्पा एकटाच राहतो. चाळीस वर्षं त्याने लग्नाच्या बँडमध्ये युफोनियम वाजवला. ट्रम्पेट सगळ्यांच्या लक्षात राहतो. पोटाशी धरलेल्या जाड पितळी युफोनियमचे खालचे सूर फक्त नवरदेवाच्या घोड्याला ऐकू येतात, असं तो हसून सांगायचा.

ट्रम्पेट वळसंगच्या बिरप्पाचा. बिरप्पाने वरून विचारायचं, चनमल्लप्पाने खालून उत्तर द्यायचं. नवी पेठ ओलांडेपर्यंत वरातीत दोघांचं हे भांडण रंगायचं. दोन वर्षांपूर्वी बिरप्पा गेला. त्यानंतर चनमल्लप्पाने वरात सोडली. रोज सकाळी वाद्य पुसणं तेवढं सुटलं नाही.

चार महिन्यांपूर्वी पुण्याहून हृषीकेश आला. सॅक्सोफोन वाजवणारा. जॅझ आणि आपला बँड एकत्र करून नुसत्या वाद्यांचा अल्बम काढायचं त्याच्या मनात होतं. त्याने माइक लावला. चनमल्लप्पाने एक ओळ वाजवली आणि थांबला. पुन्हा वाजवलं, पुन्हा थांबला.

"मामा, दमलात का?"

"न्हाय की. बिरप्पा वाजवतोय."

 हृषीकेश म्हणाला, "मधली जागा राहू दे. तिथे मी सॅक्सोफोन भरतो."

'नको' हा शब्द चनमल्लप्पाच्या ओठावर आला होता. पण माणूस लांबून आलेला, शिवाय मोठ्या आदराने बोलणारा. तो गप्प राहिला. ते गप्प राहणं चार महिने त्याला खात होतं. बिरप्पाची जागा आपणच देऊन टाकली, असं त्याला वाटे. हे सांगायचं तरी कुणाला?

शुक्रवारी अल्बम इंटरनेटवर आला. चनमल्लप्पाचा मोबाईल साधा, बटणांचा. म्हणून शेजारच्या काशम्माची नात काव्या कॉलेजला जाता जाता आपला फोन घेऊन आली. मागोमाग काशम्मा.

"अज्जा, हे बघा तुमचं नाव!"

"नाव ऱ्हाऊ दे. लाव आदी."

"लई फुगू नको हं," काशम्मा म्हणाली, "गाल आदीच सुजल्यावानी हायत तुजे."

तो हसला नाही. फोन कानाशी धरून बसला. युफोनियमची पहिली ओळ आली. स्वतःचाच सूर, पण अनोळखी वाटावा इतका मोकळा. ओळ संपली. आता सॅक्सोफोन येणार, म्हणून त्याने डोळे मिटून घेतले.

काहीच वाजलं नाही.

"रेंज गेली वाटतं," म्हणत काव्याने फोनकडे हात नेला. चनमल्लप्पाने तो वरच्यावर धरला.

"थांब पोरी. तो वाजवतोय."

आठ मात्रांनी युफोनियमचं उत्तर आलं. मग पुन्हा तीच शांतता. सॅक्सोफोन आला तो शेवटी, दोघांचं बोलून झाल्यावर.

"चांगलं झालंय?" काव्याने विचारलं.

"व्हय," तो म्हणाला. त्याला आणखी सांगायचं होतं, पण तिची बस यायची वेळ झाली होती. ती फोन घेऊन पळाली. काशम्माही भाकरी थापायला गेली.

खोलीत पंखा तेवढा फिरत होता. चनमल्लप्पाने बऱ्याच दिवसांनी वाद्य ओठाला लावलं. एक ओळ वाजवली आणि थांबला.

भिंतीपलीकडून काशम्मा ओरडली, "अरं, फुडचं वाजव की!"

त्याने बोटांवर आठ मात्रा पुऱ्या मोजल्या. मगच वाजवलं.