बुटक्या घोडीची बोली

माझी धाकटी बहीण अकोल्याला असते आणि तिचं सगळं चांगलं चाललेलं मला बघवत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कोणी माझ्याकडून मोठेपणाची अपेक्षा ठेवायला नको.

आम्ही दोघी घोडीवाल्याच्या पोरी. वडिलांच्या दोन घोड्या वरातीला जायच्या. लीद काढायला मी, पाणी दाखवायला मी, हरभरे भिजत घालायला मी, आणि संध्याकाळी घोडीच्या पाठीवर बसून गल्लीतून चक्कर मारायला मात्र ती. चार वर्षांनी लहान म्हणून तिला सगळं माफ होतं. मी थोरली, म्हणून मला समज असायला हवी होती. ती अजूनही आलेली नाही.

पुढे दोघींनाही घोडीवालेच नवरे मिळाले, मला अमरावतीत, तिला अकोल्यात. तिच्या नवऱ्याला मोबाईलवर व्हिडिओ काढायचा नाद. गॉगल लावलेली घोडी, डीजेवर नाचणारी घोडी, घोडीच्या गळ्यात हात टाकून उभी असलेली माझी बहीण. अमरावतीची गिऱ्हाइकं माझ्या दारात येऊन मलाच ते व्हिडिओ दाखवायची आणि विचारायची, ताई, तुमची घोडी असं करते का? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. करते म्हणून सांगायचे आणि दर वाढवून मागायचे. मग गिऱ्हाईक निघून जायचं.

एकाच बाबतीत मी तिच्यापुढे होते. माझ्याकडे बुटकी होती.

नवऱ्यानं तिला खानदेशातल्या घोडेबाजारातून आणलं होतं. उंचीला माझ्या कमरेइतकी, रंगानं गुळासारखी, आयाळ सतत डोळ्यांवर. लोकांना ते शिंगरू वाटायचं, पण ती पुरी वाढलेली घोडी होती, जातच तेवढी. आमच्या दोन मोठ्या घोड्या लग्नाला जायच्या, ही वाढदिवसाला आणि मुंजीला. कार्याच्या लॉनवर शिरली की पोरं जेवणाचं ताट टाकून हिच्याभोवती गोळा व्हायची. आणि माझ्याशिवाय ती कोणाकडून लगाम चढवून घ्यायची नाही. नवऱ्याला तर दोनदा चावली. त्याला औषध लावताना मला मनातून केवढा आनंद झाला होता! बहीण दर दिवाळीला म्हणायची, ताई, एक वर्ष मला दे. मी म्हणायचे, ती तुझ्याकडे राहायचीच नाही. हे म्हणायला मिळावं म्हणून मी दिवाळीची वाट बघायचे.

मग ज्या मोकळ्या प्लॉटवर आमच्या घोड्या बांधायचो, तो मालकानं कडेच्या आमच्या भाड्याच्या घरासकट बिल्डरला विकला. अमरावतीत आता घोडी बांधायला जागा मिळत नाही, मिळाली तर शेजारी राहू देत नाहीत. मोठ्या दोघी नांदगाव खंडेश्वरच्या एका घोडीवाल्यानं घरी येऊन विकत नेल्या. नवरा एका लॉनवर मॅनेजर म्हणून लागला. बुटकी तेवढी राहिली. तिचे पैसे आले की भाड्याच्या नव्या घराचं डिपॉझिट भरायचं, असं ठरलं.

लगीनसराई संपली की आमच्याकडचे घोडीवाले एखाद्या रिकाम्या लॉनवर जमतात आणि आपसात जनावरं बोलीवर विकतात. पुकारा करतात ते म्हातारे चाचा. त्यांच्या घरी तीन पिढ्या टांगे होते, त्यांचा शब्द सगळे मानतात. बोलीचे दस्तूर ठरलेले आहेत. बोली चालू असताना धन्यानं तोंड उघडायचं नाही, दावं धरून उभं राहायचं. चाचांनी 'तीन' म्हणायच्या आत दावं ओढून जनावर मागे घेता येतं. पण एकदा ओढलं की त्या वर्षी त्या जनावराला कोणी पैसा लावायचा नाही. घरी ठेवा, नाहीतर रक्ताच्या नात्यात फुकट द्या. भाव चढवायला खोटंच दावं ओढणारे लोक पूर्वी असणार, त्यांच्यासाठी केलेला हा बंदोबस्त.

मी बहिणीला कळवलं नव्हतं. मुद्दामच. पण घोडीवाल्यांचा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, त्यावर कोणीतरी बुटकीचा फोटो टाकला. बोलीच्या दिवशी सकाळी मी पोचले तर ही आधीच हजर. नवी साडी, पिशवीत गाजरं, मागे नवरा मोबाईल धरून.

"काहून सांगतलं नाही वो ताई?" तिनं विचारलं.

विसरले, असं मी म्हटलं. तिनं ते खरं मानलं, आणि त्याचाही मला राग आला. माणसानं निदान भांडावं तरी.

बुटकी कोणाकडेही जावो, पण अकोल्याला जायला नको, एवढंच माझं मागणं होतं. तिच्या व्हिडिओत माझी घोडी गॉगल लावून नाचणार आणि अमरावतीची गिऱ्हाइकं तो मलाच आणून दाखवणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. त्यासाठी घरून निघताना मी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावली होती. देवाला कसलं साकडं घालते आहे, ते नवऱ्याला सांगितलं नाही.

बोली सुरू झाली. बडनेऱ्याचा एक जण आणि दर्यापूरचे दोघे लवकरच गळाले. बहीण उरली आणि चिखलदऱ्याचा एक माणूस उरला. तिकडे फिरायला येणाऱ्या लोकांना घोड्यावर बसवून चकरा मारायचा त्याचा धंदा. तो चढत होता, बहीण चढत होती. त्यानं एकदा बोलीत मोठी उडी मारली आणि बहिणीच्या नवऱ्यानं तिचा पदर हळूच ओढला. ती थांबली. खाली बघत राहिली. देव पावला, मी मनात म्हटलं.

तेवढ्यात तो माणूस जनावर तपासायला पुढे आला. बुटकीचा ओठ उचलून त्यानं दात पाहिले. मग दोन्ही कोपर तिच्या पाठीवर रोवले आणि अंगाचा सगळा भार टाकला. तिचे मागचे पाय वाकले. आता चावेल, असं मला वाटलं. ती चावली नाही. तिनं आयाळीतून माझ्याकडे पाहिलं.

तो आपल्या सोबत्याला म्हणाला, "मोठाले माणसं बसतीन. फोटोपुरते तं बसतीनच."

चाचा म्हणाले, एक.

मला बोलायची मुभा नव्हती. असती तरी मी काय बोलले असते, ठाऊक नाही. माझ्या डोळ्यासमोर एकीकडे चिखलदऱ्याचा चढ होता, त्यावर ही बुटकी आणि तिच्या पाठीवर कोणीतरी शंभर किलोचा माणूस हात हलवत बसलेला. दुसरीकडे माझी बहीण होती, नव्या साडीत. एखाद्या चांगल्या बाईला यात विचार करावा लागला नसता. मला लागला.

चाचा म्हणाले, दोन.

मी दावं ओढलं.

नवऱ्यानं माझ्याकडे असं पाहिलं की त्या घराचं डिपॉझिट मला त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. चिखलदऱ्याचा माणूस काहीतरी पुटपुटत निघून गेला. चाचा जवळ आले.

"बेटी, दस्तूर मालूम है ना?"

मालूम होता. घरी ठेवायला मला घर नव्हतं आणि रक्ताच्या नात्यातलं असं तिथे एकच माणूस उभं होतं. मी दाव्याचं टोक तिच्यापुढे केलं.

"ने," मी म्हटलं.

ती रडायलाच लागली. तिनं मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, पैसे घे ताई, चाचांना कळणार नाही. मी म्हटलं, दस्तूर आहे, फुकटच न्यावं लागेल. फुकट! हा शब्द उच्चारताना माझ्या पोटात असं दुखलं म्हणून सांगू. जन्मापासून हिला सगळं फुकटच मिळत आलं होतं, आणि आता तर मी स्वतःच्या हातानं देत होते. वर लोक मला शाबासकी देत होते. नांदगावचा तो घोडीवाला म्हणाला, थोरली बहीण असावी तर अशी. त्याला मारावंसं वाटलं.

टेम्पो येईपर्यंत ती मला एकेक विचारत राहिली. मी सांगत राहिले. हरभरे रात्रभर भिजवलेलेच लागतात. डीजे असला की कानात कापसाचे बोळे घालायचे. उजव्या बाजूनं पोर चढवायचं नाही. शेपटीला हात लावलेला चालत नाही.

एक गोष्ट मी सांगितली नाही. बुटकी कधीकधी जागच्या जागी थिजते. मग ओढून उपयोग नाही, गाजर दाखवून उपयोग नाही. आयाळ जिथं संपते तिथं, आयाळीच्या खाली हात घालून नखांनी हळूहळू खाजवायचं. मग ती मान टाकते आणि चालायला लागते. हे शोधायला मला दोन वर्षं लागली होती. एवढं एक मी माझ्याकडे ठेवलं. थिजेल ती टेम्पोपाशी, मला माहीत होतं. मग सगळ्यांदेखत बहिणीला वळून मला हाक मारावी लागेल.

आणि थिजलीच. टेम्पोला फळी लावली आणि बुटकीनं चारही पाय रोवले. बहिणीच्या नवऱ्यानं ओढलं. कोणीतरी मागून ढकललं. गाजरं दाखवून झाली. मी हाताची घडी घालून जरा लांब उभी होते, हाकेची वाट बघत. इतक्या वेळात तेवढाच काय तो मला सुख देणारा प्रसंग होता.

बहिणीनं हाक मारली नाही. ती बुटकीच्या अंगाला टेकून उभी होती आणि टेम्पोवाल्याशी अकोल्याच्या रस्त्यातल्या खड्ड्यांबद्दल बोलत होती. बोलता बोलता तिचा हात आयाळीखाली गेला. तिचं तिकडे लक्षसुद्धा नव्हतं. नखं हळूहळू फिरायला लागली. बुटकीनं मान टाकली, नाकातून एक लांब श्वास सोडला आणि तिच्यामागोमाग फळी चढून गेली.

टेम्पोत गवत पसरलेलं होतं. ती खायलाही लागली. माझ्याकडे तिनं वळून पाहिलं नाही.

बहीण ड्रायव्हरशेजारी बसली आणि खिडकीतून तिनं माझा हात धरला.

"अजून काई सांगाचं राह्यलं का वो ताई?"

"नाई," मी म्हटलं. "तुले काय सांगाव? तुले समदं आपोआपच समजते."

तिला ते कौतुक वाटलं. ती हसली, माझा हात दाबला, आणि टेम्पो बडनेऱ्याच्या रस्त्याला लागला.