भरिताच्या जाळापाशी

मार्गशीर्षात आमच्या चोपड्याकडच्या गावातून सातपुड्यातल्या देवीला पायी जायची रीत आहे. बाया सहसा ट्रॅक्टरमध्ये बसून जातात. गेल्या हिवाळ्यात मी मात्र पुरुषांबरोबर चालत निघाले, आणि त्यात भक्तीबिक्ती काही नव्हती. मला नवऱ्याच्या पायांवर पहारा ठेवायचा होता.

त्यांना साखर आहे. डॉक्टरांनी डोळे मिटायला लावून तळव्याला टोचलं, तेव्हा हे निवांत बसून होते. थोरल्या दिरांचा पाय अशाच एका न कळलेल्या फोडापायी घोट्यापासून कापावा लागला. त्यांच्या कुबडीची टकटक घरात रोज ऐकू येते. तरी यांचं एकच, "दरसालना नेम शे, मी जासूच." अनवाणी जायचा हट्ट तेवढा मी मोडून काढला.

पहाटे केळीच्या पानांवरून दव ठिबकत होतं. मी त्यांच्या भेगांना व्हॅसलीन चोळलं, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या, आधी सुती आणि वरून लोकरीचे मोजे चढवले. बूट उलटे करून झटकले. पहिल्या विसाव्यालाच पुन्हा बूट काढायला लावले, तर बरोबरची मंडळी हसायला लागली.

"वहिनी, पूजा देवीनी शे का भाऊनी?"

"देवीना पाय धड शेतस," मी म्हटलं.

यांनी शरमेने पाय ओढून घेतला. पण मी सोडते कशाला! पुढच्या विसाव्याला मोज्यात सराटा सापडला. काटा आत घुसून रक्ताचा ठिपका उमटला होता आणि हे त्याच पायाने अख्खी टेकडी चढून आले होते. काटा काढून मी जागा धुतली, पट्टी लावली, आणि पुढे देवीपुढे हात जोडले तेव्हाही नजर बुटांवरच होती.

परतताना नाल्यात त्यांचा पाय घसरला. बूट, मोजे, सगळं चिंब. कोरड्या मोज्यांची पिशवी ट्रॅक्टरमध्ये, आणि ट्रॅक्टर भरिताचं सामान घेऊन पुढे मळ्यावर गेलेला. त्या ओल्या बुटांत ते चालत राहिले आणि मी मागून बडबडत राहिले. राग त्यांच्यावर होता, भीती मात्र माझी मला पुरून उरत होती.

मळ्यावर पोहोचलो तेव्हा कापसाच्या वाळक्या झाडांच्या, म्हणजे काट्यांच्या, जाळात वांगी टाकली होती. सगळे गारठलेले. चपला, बूट काढून "बेस वाटी ऱ्हायनं" म्हणत सगळ्यांनी जाळाकडे पाय पसरले, जसे दरवर्षी पसरतात. हेही ओले मोजे काढून त्यांच्यात बसले.

"लांब बसा," मी बजावलं.

"लांबच शे. कितलं बेस वाटी ऱ्हायनं!" ते म्हणाले. त्यांचा चेहरा इतका सुखावलेला होता की मलाही बरं वाटलं. मी पिशवी आणायला बांधाजवळच्या ट्रॅक्टरकडे गेले.

मोजे घेऊन वळले तेवढ्यात कुणीतरी काट्यांचा नवा भारा टाकला. जाळ भडकला. "चटका लागना रे!" म्हणत, हसत सगळ्यांनी पाय मागे घेतले. दोन पाय तिथेच राहिले.

मी ओरडत धावले आणि त्यांना खांद्याला धरून मागे खेचलं. उजव्या टाचेची कातडी पांढरी पडून सुटली होती. ते कण्हले नाहीत. काय झालं ते समजून घ्यायला एकेकाच्या तोंडाकडे पाहत राहिले. मला रडू फुटलं.

दवाखान्याकडे निघालेल्या जीपमध्ये टाचेवर ओलं फडकं धरून मी विचारलं, "बेस वाटी ऱ्हायनं म्हणालात ना?"

ते बाहेर पाहत म्हणाले, "माले ऊब बी लागनी नही. बठ्ठा लोके म्हनी ऱ्हायनात, म्हनीसन मी बी म्हनं."

पाय वाचला. टाच भरून यायला होळी उजाडली.

आता रोज संध्याकाळी ओट्यावर कोणीही बसलेलं असो, ते आपणहून माझ्यापुढे पाय पसरतात. मी तळवे, बेचक्या, टाचा पाहते. मग ते हळूच विचारतात, "ऊन शेतस का थंडा?"

"थंडा शेतस," मी सांगते, आणि ते पाय मांडीवर ओढून घेते.